तीन क्लोरीन

त्वचेच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलेल्या म्हाताऱ्या शिंप्याला शेजारच्या नणंद-भावजयीचं बोलणं नको असूनही ऐकू येत होतं.

"चामखीळ काढायला गेलीस आणि माझ्या भावाचा गाल जाळून ठेवलास. बाटलीवरचं नाव तरी वाचायचं."

"वाचलं, वन्सं. ॲसेटिक ॲसिड. व्हिनेगरमध्ये असतं तेच."

"त्याच्या आधी ट्रायक्लोरो लिहिलंय, ते काय शोभेला?"

"एवढ्याशा क्लोरीननं काय होतंय?"

"एक नाही, तीन असतात. तिघं मिळून इलेक्ट्रॉन आपल्याकडे खेचतात, मग हायड्रोजनवरची पकड सैल होते आणि तो चटकन सुटतो. म्हणून ते व्हिनेगरपेक्षा हजारो पट जहाल. तीन नणंदा एका बाजूनं ओढायला लागल्या, तर सून घरात टिकेल का?"

"तीन कशाला? मला एकच पुरते."

"जीभ तेवढी चालते तुझी. शाळेत रसायनशास्त्राच्या तासाला झोपा काढल्यास वाटतं."

"काढल्या. म्हणून तर प्रयोगशाळेत नोकरी करणाऱ्या माणसावर विश्वास ठेवला."

नर्सनं दार उघडलं. "गालावर डाग राहणार. हे लावायला कुणी सांगितलं, डॉक्टर विचारतायत."

भावजय जागची हलली नाही.

"जा वन्सं. 'बिनधास्त लाव' म्हणून बाटली तुम्हीच आणून दिलीत. आता तीन क्लोरीन काय करतात, ते तुमच्या भावाला समजावून सांगा."