वाढीचं मीच बघतो

…नाही, पण मला सांगा, यात माझी काय चूक? फोनवर ती नवी सेक्रेटरी विचारते, "वाढीचं कोण बघतं?" मी म्हणालो, "वाढीचं मीच बघतो!" आता बावीस वर्षं महानगर विकास कार्यालयाच्या कॅन्टीनमध्ये दुपारचं जेवण वाढतोय मी, हजेरीच्या वहीत आम्हा तिघांची कामं लिहिलीयत, स्वयंपाक, भांडी, वाढ… आणि 'वाढ'च्या पुढे माझं नाव! मग वाढीचं दुसरं कोण बघणार, भांडीवाला?

ती म्हणाली, "बावीस वर्षं? अय्या! मग उद्या दहा वाजता सभागृहात या हं सर, स्टेजवर." सर! तुम्हाला सांगतो, मला त्या कार्यालयात आजवर 'अहो, जरा इकडे' यापलीकडे कोणी हाक मारलेली नाही. मी म्हटलं, पाहुणे मोठे असतील, स्टेजवरच जेवणार असतील, असतात एकेकाची थेरं! आणि गेलो की, इस्त्रीचा शर्ट घालून, मोठा डाव फडक्यात गुंडाळून!

खरं सांगू, त्या दिवशी माझं लक्षच ठिकाणावर नव्हतं. घरात लेकीचं चाललं होतं. एकुलती एक हो! दवाखान्यातली यंत्रं दुरुस्त करते, ती मोठी मोठी, माणूस आत सरकवून फोटो काढतात ना, ती. तिला लांबच्या एका शहरातून बोलावणं आलेलं, विमानाने जावं लागतं इतकं लांब, आणि शुक्रवारपर्यंत हो की नाही कळवायचं. जेवताना मला म्हणाली, "बाबा, इथे माझी वाढ नाही." मी म्हटलं, "अगं, वाढतो की!" आणि घातला आणखी एक डाव भात तिच्या ताटात. हसली… आणि मग डोळे भरले तिचे. माझेही भरले, खोटं कशाला बोलू? आमची ही तर नुसती लेकीचे कपडे बॅगेत भरायची आणि परत काढून कपाटात ठेवायची. दिवसातून चारदा! मी म्हटलं, "अगं, असं काय करतेस?" तर म्हणे, "घड्या बघतेय."

तर ते सभागृह. मला थेट खुर्चीत बसवलं! पुढे पाटी, 'तज्ज्ञ (वाढ)'. डाव कुठे ठेवणार? ठेवला मांडीवर. आणि मग सुरू झालं हो एकेकाचं! एक गृहस्थ उठले, नाकातून बोलणारे, "आपल्या प्रदेशाचं बंदर! आपले कारखाने! आपली विद्यापीठं!" दुसरे उठले, त्यांना खोकला, "येत्या दहा वर्षांत… खक्… दुप्पट… खक् खक्…" भिंतीवर नकाशा, त्यावर बाण, बाण कुठे तर सगळे वर! आणि मी आपला मनात म्हणतोय, अरे, एवढं सगळं दुप्पट होणार, मग माझ्या घरातलं तीनातलं एक माणूस कमी का होतंय?

तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले, "आता वाढीचे आपले अनुभवी सहकारी दोन शब्द बोलतील." मेलो! उभा राहिलो, तर डाव खाली पडला, खण्णकन! सगळं सभागृह बघतंय. मी म्हटलं, "साहेब, वाढीचं मीच बघतो, पण… भाताच्या. भाजीच्या. सूप असलं तर सुपाच्या." अहो, काय हसली माणसं! अध्यक्षांचा चष्मा निघाला! मला वाटलं, धरणी दुभंगेल तर बरं.

पण शेजारी एक बाई होत्या, अर्थशास्त्राच्या, पिकलेल्या केसांच्या. त्या नाही हसल्या. डाव उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "तुम्ही ऐकत होतात मघापासून. काही विचारायचंय?" आणि तुम्हाला सांगतो, इतका वेळ मनात घोळत होतं ते बाहेरच पडलं एकदम! "बाई, या तुमच्या वाढीत माझी लेक बसते का हो? लांब चाललीय ती, शुक्रवारी कळवायचंय." बाईंनी विचारलं, "काय करते?" मी सांगितलं. त्या उठल्या, नकाशाच्या अगदी कडेला, जिथे बाणसुद्धा पोचले नव्हते, तिथे बोट ठेवलं. "इथे यंत्रांचा नवा कारखाना येतोय, चार दवाखाने येतायत, आणि दुरुस्तीला माणूस मिळत नाहीये." एका कागदावर तिथला नंबर लिहून दिला, खाली स्वतःचाही. तो कागद मी घरी कसा आणला म्हणून सांगू… तीनदा खिसा चाचपला, चौथ्यांदा हातातच धरला!

लेकीने गुरुवारी फोन केला, संध्याकाळी कारखान्यातून होकाराचा फोन आला, शुक्रवारी तिने त्या लांबच्या शहराला नाही म्हणून कळवलं! आमच्या हिने बॅग माळ्यावर टाकली, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडली. मी सगळ्या कार्यालयात सांगत सुटलो, लेक राहिली, इथेच राहिली, या वाढीचं मीच बघितलं!

…आणि सोमवारी नोकरीच्या जागेचा पत्ता आला. आधी बस, मग आगगाडी, मग परत बस, मग पंधरा मिनिटं पायी. साडेतीन तास! त्या लांबच्या शहराचं विमान दोन तासांत पोचायचं हो! मी बाईंना फोन केला, म्हटलं, "बाई, हे आपल्याच महानगरात येतं ना नक्की?" त्या म्हणाल्या, "हो तर! गेल्याच वर्षी घेतलं हद्दीत." मग काय, बॅग माळ्यावरून खाली. तिकडे खोली घेतलीय तिने. पंधरा दिवसांनी रविवारी येते, थकून, हसत, कामाचं भरभरून बोलते, आणि तिचा चेहरा बघितला की मी आपला आणखी एक डाव भात वाढतो. शेजारी विचारतात, "लेक परगावी गेली का हो?" आता काय सांगू त्यांना? लेक गावातच आहे हो… गावच लांब राहायला गेलंय!