पापुद्र्याचं दहावं वर्ष

टक्… टक्… टक्. शाळेत आमचे मास्तर टेबलावर पट्टी आपटून कवितेचा ठेका धरत. माइकसमोर उभा राहिलो की तो आवाज अजून कानात येतो. सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज ज्यांना निरोप द्यायला जीभ रेटत नाही त्या आदरणीय डॉक्टरबाई आणि माझ्यासारखेच डोळे मिचमिचवत बसलेल्या रुग्णबंधुभगिनींनो, नमस्कार.

नऊ वर्षांपूर्वी बाईंनी माझ्या उजव्या बुबुळावरच्या काचेसारख्या पडद्याचा फक्त आतला थर बदलला. कुणा अनोळखी माणसाने जाता जाता नेत्रदानात दिलेला, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ! तो हवेच्या बुडबुड्याने जागच्या जागी टेकवलेला, म्हणून दिवसभर उताणं पडायचं. मी मनातल्या मनात कविता म्हणत होतो. बाई आल्या नि म्हणाल्या, "कविराज, कविता चालू द्या, पण मान डोलवू नका. पापुद्रा घसरेल!"

"टिकेल किती?" मी विचारलं.

"काहींचा दहा वर्षांनीही लख्ख असतो, काहींचा आधीच धुरकटतो. परका पाहुणा शरीराला कधी खुपेल, सांगता येत नाही. तो खुपू नये म्हणून हा थेंब रोज. मी सांगेपर्यंत बंद नाही."

दुसरी बाटली डोळा कोरडा पडला तरच वापरायची. दोन्ही दिसायला जुळ्या बहिणी! म्हणून रोजच्या बाटलीला आमच्या हिने रबरबँड गुंडाळला. चाचपलं की कळतं.

तर, बाईंच्या स्थिर हाताबद्दल मी इथे लिहून आणलं आहे… काय बरं हे अक्षर? माफ करा. हल्ली सकाळी खिडकीच्या काचेवर वाफ धरावी तसं दिसतं. चहा होईतो निवळायचं. आज निवळलं नाही. शस्त्रक्रियेआधी अगदी असंच होत असे. नवे डॉक्टर हुशारच असतील, पण बाई गेल्यावर माझा पापुद्रा ओळखणार कोण? असो. "निरोपाच्या दिवशी डोळ्याचं रडगाणं लावू नका," असं हिने बजावलंय. तिच्या कानावर घालू नका.

बाई, आपण आम्हाला जग परत दिलंत. आभार मानायला शब्द तोकडे आहेत. बोलताना एखादी ओळ गळली असेल, तर ती दिसली नाही म्हणून, मनात नव्हती म्हणून नव्हे. एवढं पदरात घ्या आणि…

दारात कोण ते? नीट दिसत नाही. अगं, तू? गुडघ्यामुळे येणार नव्हतीस ना?

"अहो, घात झाला! गेल्या महिन्यात नव्या बाटल्या आल्या, तेव्हा रबरबँड भलत्याच बाटलीला चढवला मी! ही रोजची बाटली… हिचं सीलसुद्धा फोडलेलं नाही!"

म्हणजे महिनाभर मी… बाई, पुष्पगुच्छ ठेवून कुठे निघालात? तपासणीच्या खोलीत? वेळेत सापडलं तर निवळतं, म्हणता?

अध्यक्ष महोदय, भाषण इथेच राहू द्या. आलो, बाई, आलो. यंत्रावर हनुवटी टेकवतो. मान डोलवणार नाही.