हेमाच्या गालावरची खूण

विषय : कुमारी हेमा हिचे परत आलेले छायाचित्र. संदर्भ : पेन्शन कचेरीचा शेरा, ‘अर्जात नमूद जन्मखूण फोटोत दिसत नाही’ – हसताय काय, कासिमभाई? चौतीस वर्षं कारकुनी केली, तोंड उघडलं की आधी विषयच पडतो. तर माझ्यामागे लेकीला पेन्शन मिळावी म्हणून हा अर्ज. वय एकोणपन्नास, अविवाहित. फोटो पन्नास केबीच्या आत, मागं पांढरं – तुमच्या स्टुडिओत का नाही आलो? अहो, आता सगळं फुकट मिळतं ना! पायथन शिकलो, कॉम्प्युटरची भाषा, शहात्तराव्या वर्षी. जगभरच्या रिकामटेकड्यांनी फोटो धुण्यापुसण्याची अवजारं लिहून चव्हाट्यावर मांडलीयत. घ्या म्हणे, कोडही उघडून बघा. बघितला. शिसारी आली. एका ओळीत माणसाचा चेहरा गुळगुळीत, भांडं घासल्यासारखा! त्या फिल्टरनंच खाल्ली खूण – काय म्हणालात? एवढी मोठी कशी खाईल?

हं. नाही खात. रुपयाएवढी आहे, उजव्या गालावर. ती घालवायला वेगळी आज्ञा लागते – फोटोच्याच मापाचं एक काळं चित्र करायचं, त्यात नको ती जागा पांढरी रंगवायची, मग ते अवजार आजूबाजूची कातडी ओढून तिथं भरतं. सांगितल्याशिवाय करत नाही, तेवढं सभ्य आहे. रंगवली मी. चष्मा लावून, काठ धरून. हेमा चहा घेऊन मागंच उभी. म्हणाली, “छान झालाय की, बाबा. आता पाठवा स्थळांना.”

थट्टेनं हो. जीभ माझ्यावर गेलीय तिची – तुम्ही का खाली बघताय? तेव्हा स्थळांना पाठवायच्या फोटोतली खूण घालवायला निगेटिव्हवर पेन्सिल तुम्ही फिरवायचात, पण सांगायचं कोण? मीच. पोहे खाऊन, समोरून गाल बघून पाहुणे ‘कळवतो’ म्हणत उठायचे, आणि मी त्यांनाच शिव्या घालायचो. तुम्ही एकदा म्हणालातही, साहेब, पोरगी आहे तशी राहू द्या. त्यावर मी काय बोललो होतो – जाऊ दे. नीच बोललो होतो.

आता नवा फोटो पाहिजे, तर ती बसत नाही. “बाबांना आवडतो तो गेलाय ना कचेरीत,” म्हणते. आठ दिवस एवढंच एक वाक्य. म्हणून शनिवार पेठेतून चालत आलो, म्हटलं, तुमचं ऐकेल – अहो, कॅमेरा कुठं उचलताय? आज नको. दार उघडणार नाही ती. तुम्हाला कॅमेऱ्यासकट बघून तर नाहीच.

चहा नको. गिऱ्हाईक उभं आहे, बघा त्याच्याकडे. अर्ज प्रलंबित आहे.