सहीला घाबरलेला कर्नल

या सोहळ्याचे अध्यक्ष आणि आपले नगराध्यक्ष सेन्योर वेनान्सियो गाराते, व्यासपीठावर विराजमान फादर इल्देफोन्सो, नगरपरिषदेचे सन्माननीय सभासद, वायकामार्काच्या चारही वस्त्यांतून चालत आलेल्या बंधुभगिनींनो, आणि ज्यांना सगळं गाव ताइता म्हणतं ते आपले चिटणीस तोरिबियो उस्कामायता,

ताइतांच्या डोळ्यांनी साथ सोडली, म्हणून आज हा निरोप. उद्यापासून त्यांच्या खुर्चीवर मला बसायचं आहे.

स्पेनचा राजा गेला तेव्हा आपल्याला वाटलं, सुटलो! मग एकामागून एक सेनापती आले आणि जो तो आपली राज्यघटना घेऊन आला. दर वेळी चौकात मांडव, सगळी कलमं मोठ्यानं वाचायची, गावानं शपथ घ्यायची, तीनदा घंटा आणि मग चिचा, आपली मक्याची दारू. खरं सांगा, कलमांसाठी किती जण यायचे आणि चिचेसाठी किती? शेवटपर्यंत जागे असायचे ते एकटे ताइता, कारण वाचायचं त्यांनाच असे.

वीस वर्षांपूर्वी अशीच शपथ चालू होती. लिमाहून टपालाचं खेचर यायला पंचवीस दिवस. ज्या सरकारची शपथ आपण घेत होतो ते पडून पंधरा दिवस झाले होते, हे आपल्याला कुठून कळणार? तेवढ्यात नव्या सेनापतीचा कर्नल दोनशे शिपाई घेऊन चौकात आला.

“कुणाची शपथ घेताय?” त्यानं विचारलं. नगराध्यक्ष व्यासपीठाखाली शिरले. (हे नव्हेत, आधीचे.) फादर, आपण घंटेच्या मनोऱ्यात चढलात आणि शिपाई जाईपर्यंत उतरला नाहीत. असो.

कर्नलला फौजेसाठी चाळीस माणसं हवी होती. शिपायांनी हाताला लागतील त्यांना दोराला बांधलं. सातवा मी होतो. घरी दहा दिवसांची मुलगी होती. अशी नेलेली माणसं परत येत नाहीत, हे आपल्याला माहीत होतं. मी रडत होतो, सांगायला लाज वाटत नाही.

ताइता म्हणाले, “कर्नलसाहेब, बसा. एक्केचाळीस कलमं झाली, बेचाळिसावं ऐका.” आणि वाचलं, की न्यायाधीशाच्या लेखी हुकुमाशिवाय कुणालाही धरून नेता येणार नाही.

“अरे म्हाताऱ्या, ती घटना मेली!”

“मग तुमची दाखवा.”

“आमची अजून लिहायची आहे.”

“मग तोवर हीच चालू दे की! काय घाई आहे?”

कर्नलनं पिस्तूल मेजावर ठेवलं. ताइतांनी ते हलकेच बाजूला सरकवलं, कारण त्याखाली नोंदवही होती. मग सावकाश लिहिलं आणि वाचून दाखवलं: “आज कर्नलसाहेबांनी हुकुमाशिवाय चाळीस माणसं नेली.” खाली चाळीस नावं. लेखणी पुढे केली. “इथे सही करा आणि खुशाल न्या. पुढचं सरकार आलं की कुणी नेली हे मला सांगावं लागेल ना.”

बंधूंनो, त्या माणसानं तीन लढाया पाहिल्या होत्या. पण पुढचं सरकार कुणाचं, हे त्याला तरी कुठे ठाऊक होतं? त्यानं लेखणी हातात घेतली आणि परत मेजावर ठेवली. मग उठला, म्हणाला, “दोर सोडा.” जाताना आपली सहा खेचरं आणि सगळी चिचा घेऊन गेला. त्यावर कुणी सही मागितली नाही.

ती दहा दिवसांची मुलगी, पेत्रोनिला, आज तुम्हाला बटाटे वाढते आहे.

ताइता, तुमचे उपकार मोठे आहेत, ते फिटायचे नाहीत. अध्यक्षांनी मला बोलू दिलं, आपण उन्हात ऐकून घेतलंत, आभारी आहे. कुणाला लागलं असेल तर, फादर, विशेषतः आपण, मोठ्या मनानं विसरून जा.

आता एकच. लिमाहून काल आणखी एक राज्यघटना आली. रविवारी शपथ आहे, आणि पहिल्यांदाच वाचणारे तुम्ही नसाल. काल संध्याकाळी तुम्ही माझ्या दारात काठी टेकून विचारलंत, “ते हुकुमाचं कलम आहे का रे?” मी म्हटलं, बघून सांगतो.

बघितलं, ताइता. नाही.

म्हणून नोंदवही मी मेजावर उघडीच ठेवणार आहे.