आधी नाव विचारायचं

सासू : ...आणि इथं, डाव्या अंगाला, छातीवर कुणीतरी मेंढी आणून ठेवल्यासारखं वाटतं. चांगली गलेलठ्ठ मेंढी.

जिपार : मेंढी राहू द्या, एने. काल तुम्ही गाढव म्हणाला होता. दुखणं कधीपासून आहे ते सांगा.

सासू : लग्न झाल्यापासून.

जिपार : एने!

सासू : बरं बाई, सकाळपासून. तुझ्या पुस्तकातल्या पेशंटांना मुळीच गंमत कळत नाही का गं? थांब, गिऱ्हाईक आलं. या मास्तर, बसा. दोन वाट्या ना? जिपार, मास्तरांच्या गार रश्श्यात शेवया कमी आणि पिठाची जेली जास्त घाल. दात काढून घेतलेत त्यांनी.

जिपार : घालते. दुखणं हाताकडं सरकतं का? मास्तर, व्हिनेगर तुमच्या उजव्या हाताला आहे. एने, घाम सुटतो का?

सासू : सुटतो की. रोज, मिरच्या परतताना. काय म्हणता मास्तर? नाही हो, मी ठणठणीत आहे! ही माझी सून, डॉक्टर आहे. म्हणजे शिकून झालंय सगळं, फक्त परवान्याची परीक्षा राहिलीय. दोनदा बिश्केकला जाऊन आली, दोनदा हुकली. आता मंगळवारच्या दुसऱ्या दिवशी तिसऱ्यांदा. हसू नका! तुमची लेक गाडीच्या परीक्षेत चारदा नापास झाली, मी काही बोलले का?

जिपार : एने, तिखट वाढा त्यांना.

सासू : वाढते. हो हो मास्तर, तोच वार. तुम्हाला कळला ना? मग झालं. आमच्या म्हाताऱ्याचं नाव त्या वारावरून ठेवलंय, तेव्हा एकेचाळीस वर्षं झाली, तो वार मी तोंडातून काढलेला नाही. हीसुद्धा काढत नाही. घरात दोन बायका आणि आठवड्याला सहाच वार, असं चाललंय आमचं.

जिपार : आता नवा पेशंट व्हा. आधीचा पेशंट बरा झाला.

सासू : इतक्यात? बरं. मी चिनारा, वरच्या आळीतली. वय बावन्न.

जिपार : नमस्कार. मी डॉक्टर जिपार. तुमचं नाव चिनारा, वय बावन्न, बरोबर ना? सांगा चिनारा, काय होतंय?

सासू : वा! कशी फाडफाड बोललीस. मला तर खरंच चिनारा झाल्यासारखं वाटलं, शेजारणींच्या चुगल्या कराव्याशा वाटायला लागल्या. पुढचा पेशंट पुरुष. वय सत्तरच्या आसपास, आणि नाव... नाव काय घेऊ? घे, आमच्या म्हाताऱ्याचंच नाव धर.

जिपार : दुसरं कुठलंही घ्या ना.

सासू : आता हे सुचलंय तर हेच. दम लागतोय मला, बघ. हफ्, हफ्. विचार.

जिपार : नमस्कार. मी डॉक्टर जिपार. तुमचं... आजोबा, बसा. काय त्रास होतोय?

सासू : चिनाराचं नाव दोनदा घेतलंस आणि मी लगेच आजोबा?

जिपार : मास्तरांना अजून व्हिनेगर हवं असेल.

सासू : मास्तर केव्हाच गेले. आणि वाटी नीट धर, सगळं पाणी सांडतंय. जिपार, माझ्याकडं बघ. काय झालं?

जिपार : काही नाही.

सासू : मी तुला पाच वर्षं बघतेय. तुझं "काही नाही" मला चांगलं ओळखू येतं. बोल.

जिपार : मागच्या वेळी हृदयाच्या आलेखात चुकले, असं मी घरी सांगितलं होतं ना? ते खोटं होतं, एने. आलेख बरोबर वाचला होता.

सासू : मग?

जिपार : तोंडी परीक्षेत एका खोलीत पेशंट बसवलेला असतो. खोटा पेशंट, तुमच्यासारखा. तो नाव सांगतो. आपण ते मोठ्यानं परत म्हणायचं, वय म्हणायचं, खात्री करायची आणि मगच हात लावायचा. ते राहिलं तर बाकी कितीही छान करा, त्या खोलीत भोपळा. मी आत गेले, तर तो पांढऱ्या दाढीचा म्हातारा उठून नाव सांगतो तेच. माझ्या सासऱ्यांचंच, आपल्या अताकेंचंच.

सासू : अरे देवा.

जिपार : त्या वारी जन्मलेल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं नाव तेच, त्याचा तरी काय दोष? माझी जीभच उचलेना. मी त्यांना आजोबा म्हटलं, बसा म्हटलं, नाडी बघितली, औषधसुद्धा बरोबर सांगितलं. परीक्षक बाई म्हणाल्या, "पेशंटचं नाव?" मी म्हणाले, "त्यांनी सांगितलंय की." त्यांनी मान हलवली आणि शून्य लिहिलं.

सासू : आणि हे तू आठ महिने पोटात ठेवलंस?

जिपार : काय सांगणार होते? तुम्ही माझं पोर सांभाळता, पहाटे उठून जेली तुम्ही शिजवता, का तर सुनेला वाचायला वेळ मिळावा. आणि सून एवढ्याशा कारणानं नापास. यावेळी हुकलं तर पुन्हा वर्षभराचं प्रशिक्षण, एने. मग मी ही वाटी धुतच म्हातारी होणार.

सासू : वाटी धुण्यात काय वाईट आहे गं? पण नाही, तू डॉक्टरच व्हायचं. त्या बाईला सांगायचं होतंस ना, आमच्यात नाव घेत नाहीत म्हणून!

जिपार : ती बाईही किर्गिझच होती. तीही कुणाची तरी सून असेलच. पण तिच्या कागदावर त्याला रकाना नव्हता.

सासू : शू... आला बघ आपला म्हातारा, जेलीचे ट्रे घेऊन. काही बोलू नकोस.

सासरे : बोलून झालंय सगळं. ट्रे धर, बाळा. मी मघापासून पडद्यामागंच उभा आहे.

सासू : चोरून ऐकता? या वयात?

सासरे : दोन्ही हात भरलेले होते, म्हातारे. पडदा कशानं सारू? वाट बघत होतो तुझा दमेकरी पेशंट गप्प कधी होतो त्याची. जिपार, ते स्टूल इकडं दे.

जिपार : अताके, माफ करा. मी तुमच्याशी खोटं बोलले.

सासरे : ते नंतर. हा बघ, बसलो. आता मी पेशंट. विचार माझं नाव.

सासू : अहो, भर बाजारात? सुनेनं सासऱ्याचं नाव घेतलं म्हणून संध्याकाळपर्यंत गावभर होईल. तुमच्या बहिणी मला फाडून खातील!

सासरे : खाऊ देत. तू चिवट आहेस, त्यांचेच दात पडतील. ऐक, बाळा. माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा खोलीत आम्ही दोघं होतो, दोघंही म्हातारे. नवी पोरगी आली नर्स म्हणून. लाजाळू होती. नाव न घेता "आजोबा, हात पुढं करा" म्हणाली. मी आजोबाच होतो, मी हात पुढं केला. त्या दुसऱ्याचं इंजेक्शन मला टोचलं. दोन दिवस मला भिंतीवर घोडे पळताना दिसत होते.

सासू : हे मला कधी सांगितलं नाहीत!

सासरे : तू रडली असतीस. आणि ती पोर नोकरीला मुकली असती. जिपार, तुला मान द्यायचाय ना मला? मग मला दुसऱ्याची सुई टोचू नकोस. विचार.

जिपार : नमस्कार. मी डॉक्टर जिपार. तुमचं नाव... तुमचं नाव...

सासरे : हं.

जिपार : नाही होत, अताके. भीती नाही वाटत हो. तुम्ही मला कधी आवाज चढवून बोलला नाहीत, म्हणूनच होत नाही. माझे वडील गेल्यावर तुम्हीच...

सासरे : माझ्याकडं बघून बोल. मिरचीच्या बरणीकडं बघून कोण पेशंट तपासतं?

सासू : थांबा! मी कान झाकते. हां, झाकले. आता मला काही ऐकू येत नाही. घे गं, घे लवकर. गिऱ्हाईक येतंय.

जिपार : नमस्कार. मी डॉक्टर जिपार. तुमचं नाव शार्शेनबेक, वय अडुसष्ट. बरोबर ना?

सासू : अगं बाई! घेतलं!

जिपार : तुम्ही कान झाकले होते ना?

सासू : एकच झाकला होता. दुकान कोण बघणार?

जिपार : अताके? पेशंटनं आता "हो" म्हणायचं असतं. अताके, चुकलं का माझं काही?

सासरे : नाही. बरोबर आहे. मीच तो.

जिपार : मग असे बघताय का माझ्याकडं?

सासरे : बसवर होतो तोवर सगळ्यांचा ड्रायव्हर होतो. घरी अताके, हिचा म्हातारा, पोरांचा आजोबा. आई जाऊन एकतीस वर्षं झाली. तिच्यामागं या घरात हे नाव कुणी घेतलंच नव्हतं. फार बरं वाटलं, बाळा.

सासू : अहो... मला काय माहीत, तुम्हाला असं वाटत असेल म्हणून.

सासरे : मलाही आत्ताच कळलं.

जिपार : मग पुढचा प्रश्न घेऊ? काय त्रास होतोय, कधीपासून होतोय...

सासरे : पुढचा नको. पहिल्यापासून घे.

जिपार : पहिलं तर जमलं की, अताके.

सासरे : माहीत आहे. तरी घे, नावापासून.