बिनआवाजी चिलर

मी चिलर विकायचो ना, म्हणजे अख्ख्या इमारतीचे एसी, तेव्हाची गंमत. निफाडचे नाना गंगापूर रोडला कॉम्प्लेक्स बांधत होते. सकाळीच दुसऱ्या कंपनीचा चिलर बघून आलेले. म्हणाले, "त्याचा आवाज लय हाय."

मी लगेच त्यांना आमचा दाखवायला अंबडच्या एका ऑफिसात नेलं. गच्चीवर जातो तर आमचा बंद पडलेला! नानांनी मात्र पत्र्याला कान लावला. "काहीच आवाज नाय की!"

मी घाम पुसत नुसती मान हलवली. पण खाली उतरायला वाट ऑफिसातूनच, आणि तिथे सगळा स्टाफ फायलींनी वारा घेत बसलेला. नाना गाडीत बसले. मग म्हणाले, "सकाळी आवाज लय व्हता, पण माणसं स्वेटर घालून बसली व्हती."