इंटरवलनंतरचं

मुलुंडच्या इस्पितळात नंबरची वाट बघून शांताबाईंची पाठ भरून आली होती. भिंतीवरच्या टीव्हीत जुना सिनेमा चालू होता आणि शेजारच्या बाकावर म्हातारा नवरा बायकोला विचारत होता.

"काय गो रुक्मिणी, हा हिरो मेला?"

"मेला. पोटात गोळी लागली ना."

"तू तर सांगितलं होतंस, वाचला आणि बहिणीचं लग्न लावलं!"

"मी? कधी?"

"एकोणऐंशी साली. इंटरवलला उठून मी मिलमध्ये दुसऱ्या पाळीला पळायचो. पुढचं घरी तूच सांगायचीस."

"दमून यायचात हो. दमल्या माणसाला कशाला रडवायचं?"

"म्हणजे त्याच्या सगळ्याच सिनेमांत..."

"सगळ्या नाही. चार-पाचांत वाचवला मी त्याला."

"आणि मी मिलच्या खात्यात सगळ्यांशी भांडायचो, आपला हिरो कधी मरत नाही म्हणून!"

"मरायचा मात्र झकास. आता ऐंशीचा झाला, प्रत्येक सिनेमात नुसता खोकतो."

"गुणाजी परब! नातेवाइकांनी आत या. पेशंट बाहेरच बसू दे," नर्सने दारातून हाक दिली.

रुक्मिणी पदर सारखा करत उठली.

"आत काय सांगतील ते जसंच्या तसं सांग हां."

"सांगते."

बऱ्याच वेळाने ती तोंड धुऊन बाहेर आली.

"काय म्हणाले?"

"काही नाही. गोळ्या दिल्यात. नातवाच्या लग्नात नाचाल म्हणाले."

गुणाजी टीव्हीकडेच बघत होता.

"बरं केलंस," तो म्हणाला. "शेवटी लग्न असलं की बरं वाटतं."